आवाज डी मध्ये ठेवलाय

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर शेवट निराळा केला असता.

गेल्या डिसेंबरातला गुरुवार. निगडी प्राधिकरणातलं आमचं घर. रात्र नव्हती. भर दुपार होती, बाहेर ऊन होतं.

माझे बाबा, सुरेंद्र, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये होते. निवृत्तीनंतर घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागणार होतं. त्याआधी ते रोज कॉम्प्युटरसमोर बसून आईसाठी आपलं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचे.

"मी मुका झालो, तर हिच्याशी भांडणार कोण?" असं म्हणून हसायचे.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक पाडलं होतं, श्वास तिथूनच यायचा. बारीक शीळ घातल्यासारखा. बोलणं संपलं. हॉस्पिटलात त्यांनी पाटीवर मला लिहून दाखवलं, 'आवाज डी मध्ये ठेवलाय.'

ते घरी आलेच नाहीत.

तेराव्यानंतर मी त्यांचा कॉम्प्युटर लावला. पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ फिरलं... फिरत राहिलं...

मग सगळं काळं.

आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. म्हणून शेजारचा सुजित गुरुवारी आला. तो एका कंपनीत कॉम्प्युटरच सांभाळतो.

"ताई, विंडोज मेलीय. नवीन टाकावी लागेल. सी ड्राइव्ह उडेल, डी ला मी हात लावत नाही. काकांचं सगळं डी मध्येच आहे ना?"

"डी मध्येच. त्यांनी स्वतः लिहून दिलंय."

"मग टेन्शनच नाही."

कॉम्प्युटरनं सुरू होताना हार्ड डिस्कआधी नव्या विंडोजचा पेन ड्राइव्ह बघावा, असा क्रम त्यानं लावला. सेव्ह केला. पुन्हा चालू केलं...

तोच काळा पडदा.

सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. क्रम उलटा झालेला. हार्ड डिस्क परत वर.

"आतला छोटा सेल गेला असेल. म्हणून सेटिंग विसरतोय," सुजित म्हणाला. टिळक चौकातून नवा सेल आणला, बसवला. घड्याळ, तारीख लावली. पुन्हा चालू केलं.

घड्याळ बरोबर होतं. तारीख बरोबर होती.

क्रम उलटा.

"बाकी सगळं लक्षात राहतंय याला," तो हसत म्हणाला. "फक्त माझं ऐकायचं नाही. काकांसारखाच आहे राव!"

मीही हसले.

मग त्यानं दुसरा मार्ग धरला. सुरू होतानाच एक बटण दाबून यादी उघडली. दोनच ओळी. वर हार्ड डिस्क, खाली पेन ड्राइव्ह. त्यानं निळी पट्टी खालच्या ओळीवर आणली. एंटर दाबायला बोट उचललं...

निळी पट्टी वर सरकली.

त्यानं खाली आणली. ती वर गेली.

"कीबोर्ड खराब झालाय." घरी जाऊन स्वतःचा घेऊन आला. पट्टी खाली नेली. आणि या वेळी, मला वाटतं मुद्दामच, कीबोर्डची वायर उपसून हातात धरली.

आम्ही दोघं पडद्याकडे बघत उभे राहिलो.

पट्टी... सावकाश... वर गेली.

सुजित हसला नाही.

"ताई, पंखा बंद आहे ना?"

"बंद आहे. का?"

"शीळ येतेय कुठून तरी."

मला ती आधीपासूनच ऐकू येत होती. बारीक. थांबून थांबून. आमच्या मागून...

मागे बाबांची फिरती खुर्ची होती. सुजितनं बसायला स्टूल घेतलं होतं. खुर्ची रिकामी होती.

शीळ वाढली. घाईघाईनं येऊ लागली. काहीतरी सांगायचंय आणि गळ्यात आवाजच नाही, अशी.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिनं पडदा पाहिला. मग खुर्चीकडे पाहिलं. ती घाबरली नाही. बाबांना जेवायला उठवायची, त्याच सुरात म्हणाली,

"अहो, पुरे झालं. पोराला आजच सुट्टी आहे. उठा बघू, करू द्या त्याला."

शीळ थांबली.

खुर्ची जराशी फिरली... आणि थांबली.

त्यानंतर काहीच अडलं नाही. सुजितनं कीबोर्ड जोडला. सी ड्राइव्ह पुसला गेला, नवी विंडोज बसली. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर झकास सुरू झाला.

आम्ही डी उघडला. आईच्या नावाचा फोल्डर होता. आत कितीतरी फायली. आईनं पदर तोंडाला लावला.

सुजित मात्र पडद्याजवळ वाकला. प्रत्येक फायलीच्या चित्राच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण होता.

"ताई... हे शॉर्टकट आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे नुसते पत्ते. खरी रेकॉर्डिंग डेस्कटॉपवर होती. काकांना वाटलं असेल, आपण ती इकडे हलवली." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "डेस्कटॉप सी मध्ये असतो."

बाबा खुर्चीवरून का उठत नव्हते, ते मला तेव्हा कळलं.

आई थंडगार चहाचे कप उचलून आत गेली.

चिंचवडला पुसलेला डेटा काढून देणाऱ्या एका माणसाकडे डिस्क दिली. बरंचसं नव्या विंडोजखाली गेलं होतं. एकच फाइल निघाली. तीही कोरी. मी ती अथपासून इतिपर्यंत ऐकली. सुजितनं ऐकली. साधी खरखरसुद्धा नाही.

तरी आईला दिली. तिला कशी नाही म्हणणार?

ती रोज दुपारी हेडफोन लावून बसते. डोळे मिटून. पहिले काही दिवस नुसती ऐकायची.

आता मध्येच बोलते.

"हो, घेतली गोळी." मग थांबते. "नाही हो, पडदे नाही धुतले अजून..." मग हसते. कुणीतरी टोमणा मारल्यावर हसावं, तशी.

मी तिच्याशेजारी बसून एक कान हेडफोनला लावून पाहिला आहे. पुष्कळदा.

काही नाही.

काल तिनं अचानक हेडफोन काढला आणि माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं.

"अगं अरुंधती, किती वेळ हाका मारतायत तुला. ओ का देत नाहीस?"