कुशाबाईची चूल

जुन्नरच्या बाजारपेठेत आरोग्य निरीक्षक म्हणून मी लोकांची गटारं, उकिरडे आणि डासांनी भरलेली पिंपं बघत फिरतो. मला पाहून लोक दारं लावून घेतात. मी मनाला लावून घेत नाही. बंद दारासाठी दंडाधिकाऱ्यांकडून झडतीचं वॉरंट मिळतं.

कपड्यांचा दुकानदार कल्पेश, त्याची तक्रार धुराची होती. शेजारच्या कुशाबाईच्या कौलांतून रोज दुपारी धूर येतो, मालाला वास लागतो. कुशाबाई वारल्यापासून त्या घराला कुलूप. तिचा मुलगा भरत आळेफाट्याला गॅरेज चालवतो, त्यानं नोटीस घेतलीच नाही. आत कोणीतरी चोरून चूल पेटवत असणार, हे उघड होतं. चूल फोडायची आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून मी वॉरंट आणलं.

जेवण उरकून, रिकामा डबा हातात घेऊनच मी दोन पंचांबरोबर पोचलो. कल्पेशची आई, गुलाबबाई, ओट्यावर बसली होती.

"चूल फोडू नका, भाऊ," ती म्हणाली. "कुशा गेली तवा माझं अन्नच सुटलं व्हतं. आता कुठं दोन घास जातात."

"आई, त्याचा इथं काय संबंध?" कल्पेश वैतागला.

कुलूप तोडलं. आत धुळीचा थर, त्यावर फक्त आमच्या पावलांचे ठसे. चुलीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं, अख्खं. राख गार. मला हायसं वाटलं, थोडी निराशाही झाली. फडताळातली एक स्टीलची वाटी मात्र लख्ख होती. तिच्यावर कल्पेशच्या वडिलांचं नाव कोरलेलं, पोपटलाल. माझा डबा फडताळात ठेवून मी पंचनामा लिहिला आणि वाटी बाहेर आणली.

गुलाबबाईनं वाटीत पाहिलं. तिचं तोंड उतरलं.

"रिकामी आणली? शेजारची वाटी कुशा कधी रिकामी धाडत न्हाई. तुमी घाई केली, राव. ठेवा परत."

म्हातारीपुढे कायदा काय चालवणार? ठेवली परत. नवं कुलूप घातलं, वर लाखेचं सील आणि माझी सही. ऑफिसात आल्यावर आठवलं, डबा आतच राहिला. सील मोडायचं म्हणजे पुन्हा पंच गोळा करा. म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्पेशचा फोन आला.

"साहेब, धूर."

तसाच गेलो. सील शाबूत होतं. सही माझीच. कौलांतून निळसर धूर निवांत वर चढत होता.

गुलाबबाई ओट्यावर त्याच वाटीतली आमटी भाकरीशी खात होती. इतकं सुखी माणूस मी त्या पेठेत पाहिलेलं नाही.

"माझ्या वाटीत कांदा-लसूण घालत न्हाई ती," ती म्हणाली.

कल्पेश आईकडे बघत उभा होता. मग हळूच म्हणाला, तक्रार मागे घेतो.

"वाटी कुठून आणली, मावशी?"

"तिनं दिली." पदराखालून तिनं माझा डबा काढला. झाकणावर माझ्या बायकोचं नाव, वृषाली. "तुमचाबी दिलाय."

डबा जड होता. तळ पोळत होता.

'उपद्रव आढळला नाही,' असं मी अहवालात लिहिलं आणि आमटी चाटूनपुसून खाल्ली.

संध्याकाळी वृषालीला म्हणालो, उद्या पिठलं जास्त कर, आज जिथून आमटी आली तिथं डबा द्यायचाय.

"कांदा-लसूण चालतो का त्यांना?"

"चालतो. तिखट मात्र कमी घाल, तिला सोसत नाही."

हे मला कोणी सांगितलं होतं, ते आठवेना.