न घेतलेलं माप

सुतार दुकानात शिरला आणि वरच्या फळीवरून एक खोकं थेट त्याच्या डोक्यात पडलं. त्यात खांद्याचे पॅड होते, म्हणून निभावलं. शेजारच्या खोक्यात बर्फावर घसरायचे बूट होते, पात्यांसकट.

शिडीवरची मुलगी पांढरीफटक पडली. "लागलं का हो?"

"खांदे सांभाळायला काहीतरी घ्यावं म्हणून आलो होतो," तो डोकं चोळत म्हणाला. "तुमच्याकडे डोक्यापासून सुरुवात करतात वाटतं."

ती हसू दाबत खाली उतरली, पण शेवटच्या पायरीवर ते फुटलंच.

दुकान तिच्या काकांचं. बर्फाच्या मैदानाला इतकं लागून, की आत खेळाडू कठड्यावर आदळला की इथल्या काचा थरथरायच्या. बुटांच्या पात्यांना धार काका लावत, मापं ती घेई. काकांचा दंडक एकच : छातीचा घेर टेपने मोजल्याशिवाय पॅड कुणाच्या अंगावर चढवायचा नाही, आणि मोजलेला आकडा कार्डावर लिहायचा. पॅड मोठा झाला तर पडताना सरकतो, आणि सरकलेला पॅड असून नसल्यासारखा. हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. चार वर्षांत तिने पोरांची, म्हाताऱ्यांची, घामाने निथळणाऱ्या धटिंगणांची मापं घेतली होती. काखेखालून टेप फिरवायचा, आकडा वाचायचा, पुढचा माणूस. माप घेताना आपण माणसाच्या किती जवळ उभ्या राहतो, हे तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

त्या दिवशी आलं.

सुतार बर्फावरच्या हॉकीच्या संघात नवा होता, बचावाला खेळणारा. त्याच्या सदऱ्याला ताज्या लाकडाचा वास येत होता आणि एका भुवईवर भुसा राहिला होता. "हात बाजूला करा," ती म्हणाली. त्याने केले. तिने टेप उलगडला... आता त्याच्या पाठीमागून हात न्यायचा, म्हणजे जवळजवळ मिठीच की! टेप तसाच लोंबकळत राहिला.

"थंडी वाजते का तुम्हाला?" त्याने विचारलं.

"नाही तर."

"मग टेप का थरथरतोय?"

तिने टेप गळ्यात अडकवला. नजरेनेच माप कळतं आता, असं काहीतरी तोऱ्यात म्हणाली, पाठ फिरवून कार्डावर चाळीस लिहिलं आणि मोठा पॅड काढून दिला. त्याने तो चढवला, हात वर करून पाहिले. ती पट्टे लावत होती, पण डोळे जमिनीवर.

"बसतोय ना?"

"तुम्ही म्हणताय—म्हणजे बसतोच."

वाक्य साधंच होतं. पण पुढचे आठ दिवस ते तिच्या कानातून हलेना. तो परत कधी येईल म्हणून ती दाराकडे बघायची, आणि पेटीतलं ते चाळीसचं कार्ड दिसलं की तोंड फिरवायची.

नवव्या दिवशी तो आला. डावा हात गळ्यात बांधलेला.

ती बुटांच्या मांडणीमागे होती, तिथेच थिजली. गल्ल्यावर काका होते. सुतार काकांना हसत हसत सांगत होता : तीन दिवसांपूर्वीच्या सामन्यात त्याला कठड्यावर ढकललं, पॅड वर सरकला, पॅडची खांद्यावरची वाटी पाठीकडे गेली आणि गळ्याखालचं हाड तडकलं. सहा आठवडे रंधा धरायचा नाही. बरं वाटलं की खेळायला लहान पॅड मिळेल का, एवढंच तो विचारत होता.

काकांना ते झोंबलं. त्यांनी कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. "चाळीस. आमच्या पोरीचा टेप खोटं बोलत नाही. तुमचे पट्टे ढिले राहिले असणार. काल तुमचे प्रशिक्षक येऊन गेले, त्यांनाही हेच दाखवलं. ते म्हणाले, ज्याला पट्टे बांधता येत नाहीत त्याला मी पुन्हा बर्फावर उतरवणार नाही."

सुताराचं हसू मावळलं. त्याने कार्डाकडे पाहिलं. टेप अंगाला लागलाच नव्हता, आणि ज्याचा जन्म मोजण्यात गेला तो हे विसरतो थोडाच? मग त्याने एकदाच मांडणीकडे नजर टाकली.

"असेल काका," तो म्हणाला. "पट्टेच राहिले असतील ढिले."

तिचं तोंड भाजल्यासारखं झालं. तो ओरडला असता, चार शब्द सुनावले असते, तर सोसलं असतं. हा मोडक्या हाडानिशी तिची लाज झाकत होता, वर संघातली जागाही घालवून बसत होता.

ती बाहेर आली. "काका, ते माप मी घेतलंच नाही. चाळीस मनानेच लिहिलं."

काकांनी चष्मा काढला. "टेप सापडला नाही?"

"गळ्यात होता."

"चार वर्षांत हजार माणसं मोजलीस. मग ह्यांचंच का राहिलं?"

उत्तर ओठांवर तयार होतं : गर्दी होती, विसरले. काकांनी ते मानलंही असतं. पण एका खोट्याने एक हाड मोडलं होतं. ती काकांच्या चपलांकडे बघत राहिली.

"ह्यांच्या जवळ जायला... लाज वाटली. बाकी कुणाची कधी वाटली नाही."

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, उद्यापासून ती पात्यांना धार लावेल, मापं ते स्वतः घेतील. तिने मान हलवली. "आणि प्रशिक्षकांना फोन करून आकड्याचं सांगतो," ते आतल्या खोलीकडे जाताना म्हणाले. "लाजेचं तुमचं तुम्ही बघा."

दोघंच उरली. ती मान वर करेना.

"पॅड हनुवटीला लागत होता," तो हळूच म्हणाला. "तेव्हाच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही पुन्हा टेप काढला असता... आणि मग माझंही थरथरणं दिसलं असतं."

"हसवू नका. माझ्यापायी हाड मोडलंय तुमचं."

"हाड जुळेल. कठीण आहे ते आईचं. तीन दिवस घरात बसून माप घेणारीच्या नावाने बोटं मोडतेय. तिला आता काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"सगळं?"

तिचे कान लाल झाले. पळून जायला मांडणीमागे जागा होती, दारही उघडं होतं.

"सगळं," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.