बॅटरी वायरीवर धरा

वीरेशला ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिचे फक्त पाय दिसले.

कोल्हापुरात, उद्यमनगरात, प्रभुलिंग आप्पांच्या मीटर रिपेरीच्या दुकानासमोर एक जीप उभी होती. दार सताड उघडं. दारातून दोन पाय बाहेर, आणि उरलेला मिस्त्री डॅशबोर्डखाली उताणा.

वीरेश जयसिंगपुराहून वडिलांची जुनी डिझेल अँबॅसिडर घेऊन आला होता. नव्याण्णव साल, माघातली थंडी, हवेत गुऱ्हाळांचा गोड वास. सगळं कसं छान होतं, फक्त गाडीचं मीटर बिघडलं होतं. गाडी उभी असली की स्पीडचा काटा तीसवर पळायचा. आणि गाडी पळायला लागली की भ्यायल्यासारखा थरथरत शून्यावर येऊन बसायचा.

"ओ मिस्त्री," तो त्या पायांना म्हणाला, "बाहेर या की जरा. आमच्या मीटरला हिवताप आलाय."

पाय हलले. छुम्म, असा आवाज आला.

वीरेश दचकला. मिस्त्रीच्या पायात… पैंजण?

"आले, आले…" आणि मग ठण्ण! "अव्वा गं!"

डोकं चोळत जी बाहेर आली, ती सौंदर्या. आप्पांची मुलगी. दातात स्क्रू ड्रायव्हर, वेणी खांद्यावरून पुढं, आणि नाकाच्या शेंड्यावर ग्रीसचा ठिपका.

"काय बघालाय?" तिनं खाली बघतच स्क्रू ड्रायव्हर काढून विचारलं.

"मीटर."

"मीटर गाडीत असतंय."

आता आप्पांचं सांगायला हवं. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळं दारातल्या खुर्चीत कपाळाला विभूती लावून बसायचं आणि येणाऱ्याला "शरणू शरणार्थी" म्हणायचं, एवढं काम त्यांच्याकडं. बारीक वायरींचं काम पोरीकडं. गल्लीतली माणसं म्हणायची, पोरगी मोटारीत डोकं घालती, उद्या कोण करून घेणार हिला? म्हणून आप्पांनी एकच नियम केला होता. गिऱ्हाईक समोर असताना मान वर करायची न्हाय. मान खाली असंतवर काम, मान वर झाली की काम बंद.

इतकी वर्षं सौंदर्याची मान कधी वर झाली नव्हती. वर बघण्यासारखं गिऱ्हाईकही कुठं यायचं म्हणा.

तिनं मीटरची चौकट बाहेर ओढली, स्पीडची केबल काढून ग्रीस लावलं, आणि चौकटीबरोबर सुटलेल्या वायरी परत जोडायला मागच्या जंजाळात हात घातला. आत काळाकुट्ट अंधार.

"हातातली बॅटरी धराय येती?"

"मी बी.कॉम. झालोय."

"मी बॅटरीचं इचारलं."

त्यानं बॅटरी धरली. उजेड थोडा वेळ वायरींवर राहिला. मग हळूच घसरला…

"बॅटरी वायरीवर धरा."

"वायरीवरच हाय की."

"माझ्या नाकावर वायर हाय व्हय?"

"न्हाय… काळं लागलंय. तेवढंच बघालतो."

तिनं मनगटानं नाक पुसलं. ठिपका होता, त्याची मिशी झाली. वीरेश फस्सकन हसला. तिलाही हसू फुटलं आणि… तिनं मान वर केली.

त्या वेळी तिच्या हातात दोन वायरी होत्या. एक डिझेलच्या काट्याची, एक इंजिनाच्या उष्णतेच्या काट्याची. दोन्ही म्हातारपणानं एकाच मातकट रंगाच्या झालेल्या. नजर वर, हात खाली. हातांनी त्यांना जमेल ते केलं.

"कुठं जायचंय गाडी घिऊन?" तिनं उगीच विचारलं.

"रविवारी गारगोटीला."

"काय काम?"

"…पोरगी बघायला."

हसू जागच्या जागी वाळलं. काय बाई आपण… तोंडावर मिशी काढून कुणाच्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर खिदळतोय! तिचे कान तापले. एरवी ती इंजिन सुरू करून एकेक काटा तपासल्याशिवाय गाडी सोडायची नाही. त्या दिवशी तिनं चौकट गरजेपेक्षा जास्त जोरानं आवळली आणि खाली बघत म्हणाली, "झालं. चला."

वीरेशला आणखी काहीतरी बोलायचं होतं. पण मान खाली ती खालीच.

स्पीडचा काटा एकदम शहाणा झाला. गडबड झाली ती शेजारी.

वीरेशचे वडील शिवाप्पा म्हणजे भुसार मालाचे व्यापारी. माणसावर विश्वास नाही, काट्यावर शंभर टक्के. सकाळी गाडी सुरू केली तेव्हा डिझेलचा काटा तळाला. मार्केट यार्डात पोचेपर्यंत अर्ध्यावर. नांदणीला जाऊन आले, तर टाकी फुल!

"वीरेश, डिझेल घातलास काय रं?"

"न्हाय, अण्णा."

शिवाप्पांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. तेच. गाडी पळेल तसं डिझेल वाढत होतं. असं होत नसतं हे त्यांनाही कळत होतं. पण डोळ्याला दिसतंय ते खोटं कसं म्हणायचं? त्यांनी बॉनेटला विभूतीचे पट्टे ओढले आणि यार्डभर सांगून टाकलं. बाळासो अडत्या तर मुद्दाम गाडीत बसून आला आणि काटा चढलेला बघून त्यानं गाडीला नमस्कार केला.

रविवारी निघताना वीरेश म्हणाला, "अण्णा, डिझेल घालूया."

"वाढतंय ते! वर आणि घातलास तर सांडंल."

शिवाप्पांच्या डोक्याला रेशमी फेटा. मागं गंगव्वा आत्या, मांडीवर पेढ्यांची पाटी. बिद्रीच्या पुढं डिझेलचा काटा टोकाला टेकला आणि उष्णतेचा तळाला बसला. "बघ," शिवाप्पा म्हणाले, "टाकी फुल, इंजिन गार! हिला म्हणत्यात गाडी."

मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं गाडी खोकली. आणखी एकदा खोकली. आणि गप्प झाली.

डिझेल गाडीचं एक असतं. टाकी कोरडी पडली की ती हवा गिळून बसते, मग नुसतं डिझेल ओतून उठत नाही. मिस्त्री लागतो. रविवारी मिस्त्री कुठला? गाडी ढकलून झाली. आत्यांचा मारुतीला नारळ बोलून झाला. शेवटी उसाची एक ट्रॉली थांबली.

गारगोटीत मुलीकडची मंडळी दारात ताट घेऊन उभी होती. समोरून ऊस आला. उसावर शिवाप्पा. फेट्यात पाला खोचलेला, आत्यांच्या मांडीवर पेढ्यांचा लगदा. मुलगी दारातच इतकी हसली की तिला दोघींनी धरून आत न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. "ज्यांची गाडी पोचत न्हाय, त्यांच्या घरात आमची पोरगी कशी पोचंल?"

दुपारी अँबॅसिडर दोरीनं ओढत उद्यमनगरात आली.

"कुणी केलंय हे मीटर?" शिवाप्पांचा आवाज शेजारच्या लेथवर गेला. लेथ बंद पडला, चार डोकी बाहेर आली.

सौंदर्यानं चौकट उघडली. दोन मातकट वायरी, एकमेकींच्या जागी आरामात बसलेल्या. तिला वाटलं, आपणही त्या अंधारात शिरावं आणि बाहेरून कुणीतरी स्क्रू आवळावेत.

आप्पा खुर्चीतून उठले. हात चाचपत पुढं आले. "पावणं… माझ्या हातनं चुकलं. डोळ्याला दिसत न्हाय आता."

आप्पांनी आयुष्यात खोटं बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं. आज आपल्यासाठी… चार माणसांत, हात जोडून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आप्पा, बसा तुम्ही." ती पुढं आली. "मी केलतं. माझं चुकलं. डिझेलची वायर उष्णतेला लागली. इंजिन तापंल तसं डिझेल वाढलेलं दिसालतं."

"म्हंजे… डिझेल वाढत न्हवतं?" शिवाप्पांचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी मागं बघितलं. "ए, जावा की तुमच्या कामाला!" लेथवरची डोकी आत गेली.

"आणि चुकलं कसं?" ते दबक्या आवाजात म्हणाले.

"आत… उजेड न्हवता."

"उजेड कुणी धरलावता?"

वीरेश गाडीच्या आडून पुढं आला. "…मी."

"कुठं धरलावतास?"

"वायरीवरच, अण्णा. आधी."

"आणि मग?"

वीरेशनं स्वतःच्या चपलांकडं बघितलं. मग आभाळाकडं बघितलं. "…हिच्या तोंडावर."

सौंदर्याचं तोंड असं पेटलं होतं की आता बॅटरी नसती तरी चाललं असतं.

"आणखीन एक हाय, अण्णा," वीरेश म्हणाला. "काटं उलटं हाईत ते मला बिद्रीजवळ कळलंतं."

"मग बोलला का न्हाईस, मुडद्या?"

"…मला गारगोटीला पोचायचंच न्हवतं."

सौंदर्यानं झटकन वर बघितलं आणि तितक्याच झटकन खाली. पण तेवढ्यात तिला दिसायचं ते दिसलं. त्याचेही कान लाल होते.

आप्पा म्हणाले, "पावणं, पोरीनं माझी मान खाली घातली."

"तुमची एकट्याची व्हय?" शिवाप्पा खुर्चीत बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला. "मी सगळ्या यार्डात सांगून बसलोय. बाळासोनं गाडीच्या पाया पडलंय ओ! त्येला कळलं तर मी तोंड कुठं घिऊन जाऊ?"

आप्पांनी पाणी दिलं. शिवाप्पांनी ते पिऊन तांब्या खाली ठेवला.

"लेथवाल्यांना यार्डातलं काय ठावं न्हाय. म्हंजे हे आता आपणा चौघांनाच ठावं हाय न्हवं?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

"चौघांतच ऱ्हायला पायजे. तुम्ही आणि मी गप बसू. हे बेणं तर काय बोलत न्हायच. पण उद्या ही पोरगी दुसऱ्या कुणाच्या घरात गेली आणि तिथं हसत हसत सांगितली तर?"

"मी न्हाय सांगणार," सौंदर्या पुटपुटली.

"तसंच म्हणत्यात सगळी. त्यापरास…" त्यांनी घसा साफ केला, "…आमच्याच घरात आलेली बरी. काय, प्रभुलिंगआप्पा?"

आप्पांना डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण दिसायचं ते दिसलं. ते हसले. "पोरीला इचारा."

ती गाडीत शिरली, सीटवर आडवी झाली आणि डॅशबोर्डखाली तोंड लपवलं. बाहेर नुसते पाय राहिले. मग पैंजण वाजलं… एकदाच, हळूच, मुद्दाम.

"व्हय म्हणाली," वीरेश म्हणाला.

"तुला कोण इचारलंय? सर बाजूला." शिवाप्पांनी त्याच्या हातातली बॅटरी हिसकावून घेतली. "आण हिकडं. ह्या येळंला उजेड मी धरतो."

धोतर सावरत ते दारापाशी वाकले आणि वायरींवर लख्ख उजेड टाकला. सौंदर्यानं दोन्ही वायरी सोडवल्या. डिझेलची डिझेलला जोडली. दुसरी हातात घेतली. समोरच्या काचेपलीकडं वीरेश उभा होता, उन्हात डोळे बारीक करून, आत काही दिसतंय का बघत… तिच्या नाकावर पुन्हा ग्रीस लागलं होतं. त्यानं बाहेरून स्वतःच्या नाकावर बोट ठेवून दाखवलं.

तिचा हात थांबला.

"वायरीकडं बघ, पोरी," शिवाप्पा म्हणाले. "त्येच्याकडं बघायला जलम पडलाय."