याएलच्या चित्रावरचं रक्त

श्यामकांत दातारांचं डोकं हातोडीनं इतकं ठेचलं होतं की ओळख पटवायला बोटातली अंगठी पाहावी लागली. नेदरलँड्समधल्या लायडनच्या त्या घरात रक्त भिंतभर उडालं होतं. भिंतीच्या मधोमध सतराव्या शतकातलं, वहीएवढं, लाकडाच्या फळीवर रंगवलेलं चित्र होतं. बायबलमधली याएल झोपलेल्या शत्रू-सेनापती सीसराच्या कानशिलात तंबूची मेख ठोकते आहे, असं. टेबलावर बारीक दातांची करवत पडली होती.

लॉकडाऊनमध्ये घरात दुसरा माणूस एकच, भाडेकरू अंबरीश. त्यानं वेड्यासारखं प्रेत मांडीवर घेतलं आणि कपडे रक्तानं माखून घेतले. पोलिसांना आयता बकरा मिळाला.

अंबरीशची बहीण ऋजुता डेल्फ्टला जुन्या चित्रांचे रंग तपासते. पोलिसांच्या मागे हात धुऊन लागून तिनं ती खोली पाहिली. चित्राच्या चौकटीवर शिंतोडे होते, चित्रावर एकही नव्हता. चित्र उतरवलं तर मागची भिंत कोरी. फळीवरच्या बारीक तड्यांतला नमुना तिनं तपासायला पाठवायला लावला.

घराची चावी आणखी दोघांकडे होती. दातारांचा भाचा मोरेश्वर घाम पुसत म्हणाला की चित्राला गिऱ्हाईक त्यानंच आणलं होतं, पण त्या गिऱ्हाइकाला चित्रातली फक्त बाई हवी होती, मरणारा पुरुष नको. दुसरी चावी नीलांबरीकडे. जुनी चित्रं दुरुस्त करणारी, ऋजुताला हे काम शिकवणारी.

"ताई, चित्राला शेवटचा हात कधी लावलात?"

"लॉकडाऊनच्या आधी वार्निश दिलं तेव्हा. त्यानंतर त्या घरात गेलेलेच नाही."

पोलिसांनी चावीवाल्या दोघांचेही डीएनए नमुने घेतले. अहवाल आल्यावर ऋजुता पोलिसांना घेऊनच नीलांबरीकडे गेली.

"चित्र भिंतीवरच होतं, म्हणजे रक्त त्यावर उडालं आणि कुणीतरी ते टिपलं. मोरेश्वरनं फडक्यानं खसाखसा पुसलं असतं. इथे वार्निशवर ओरखडासुद्धा नाही. तड्यांमध्ये दातारांचं रक्त आहे आणि त्यात मिसळलेली थुंकी. कापूस जिभेवर ओला करून हलकेच फिरवायचा, हे तुम्हीच मला शिकवलंत. लोक खोकायला घाबरतात अशा दिवसांत, प्रेताशेजारी मास्क काढून कापूस तोंडात घालणारं दुसरं कोण? डीएनए तुमचाच आहे, ताई."

नीलांबरी म्हणाली, "अगं, गिऱ्हाइकासाठी श्यामकांत सीसराला कापून काढणार होता. करवत आणून ठेवली होती त्यानं. मी हातोडी उचलली."

"चित्रावरचं रक्त तुम्हाला बघवलं नाही. माझ्या भावाच्या अंगावरचं बघवलं?"

नीलांबरीच्या हातांत बेड्या पडल्या तेव्हा ऋजुताला रडू आवरेना, आणि तशीच रडत तिनं आईला फोन लावून सांगितलं की अंबरीश सुटतोय.