पंखा की हॉर्न

मे महिन्याच्या भर दुपारी काचा खाली करून, वर हीटर लावून गाडी चालवणारी मुलगी तुम्ही पाहिलीय का? नसेलच. कानिफनाथनं पाहिली, आणि बिचारा तिथंच फसला.

ती मुलगी म्हणजे मी, चांगुणा. नाव आजीचं, गाडी वडिलांची, म्हणजे आप्पांची, हट्ट तेवढा माझा स्वतःचा. हाडांची ऑपरेशनं झालेल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन व्यायाम द्यायचा, पुन्हा चालतं करायचं, हे माझं काम. त्यासाठी दर मंगळवारी आणि शनिवारी भिंगारहून मिरजगावच्या वस्त्यांवर जाते. तिथं एसटी जात नाही, म्हणजे गाडी नाही तर काम नाही. आणि ही म्हातारी गाडी आधीच एकदा दोरीनं ओढत घरी आली होती. आप्पांनी त्याच दिवशी बजावलं होतं, “पुन्हा दोरीला बांधून आली तर सरळ भंगारात घालीन. मग धर गुमान शहरातल्या दवाखान्यात नोकरी.”

तर त्या दिवशी रुईछत्तिशीच्या पुढं इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे चढायला लागला. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता. इंजिनाची थोडी तरी धग आत ओढली जावी म्हणून मी हीटर लावला. घामानं निथळले, पण शेवटी वाफ निघालीच. कडुलिंबाखाली गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडून मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

मागून एक पिकअप येऊन थांबली, ठिबकच्या काळ्या नळ्यांनी भरलेली. त्यातून उंच, सावळा माणूस उतरला, हाच तो कानिफनाथ, आणि तो हातात दोरी घेऊनच!

“मॅडम, बांधू का? ओढत नेतो मिरजगावपत्तोर.”

“दोरी नको.”

“अवो, पन…”

“नको म्हटलं ना! आधी ती लांब ठेवा.”

तो हसला. हसणं चांगलं होतं, उगाच कशाला नाही म्हणू? त्यानं खिडकीतून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. “आत तर भट्टी हाय! हीटर लावला हुता का काय?”

“लावला होता. मी भाजले तर चालेल, इंजिन भाजून चालणार नाही.”

“लई हट्टी दिसता.”

“दिसते नाही, आहेच.”

मग काहीतरी करून दाखवावं म्हणून की काय, तो थेट रेडिएटरकडे वळला. “पानी संपलं असंल, थांबा, झाकन…”

मी त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली. “हात शिजेल! गरम असताना झाकण उघडतात का कधी?”

तो मनगट धरून माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता चिडणार. पण तो हळूच म्हणाला, “आईनंतर तुमीच मारलं मला…”

मी पटकन इंजिनात डोकं घातलं. गाल तापले होते, आणि ते काही उन्हानं नव्हे.

आप्पा लष्कराच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. लहानपणी टॉर्च धरून त्यांच्याशेजारी उभं राहायचं काम माझं. अंदाज बांधायचा नाही, एकेक तपासत जायचं, हे तिथंच शिकले. फ्यूज काढून पाहिला, चांगला होता. एसी लावला की पंखा फिरायलाच हवा, म्हणून गाडी क्षणभर चालू करून तोही लावून पाहिला, पंखा ढिम्म. मग पंख्याचा प्लग काढला, कानिफनाथच्या पिकअपमधली वायर घेतली आणि थेट बॅटरीवरून जोडली.

घुर्रर्र!

“फिरला! फिरला की!” तो पोराटोरासारखा ओरडला.

“म्हणजे पंख्याला काही झालेलं नाही. त्याला करंट सोडणारा रिले गेलाय. ही काळी डबी. शेजारी हॉर्नची अगदी अशीच डबी आहे. ती काढून इथं बसवते.”

“मग हॉर्न?”

“नाही वाजणार.”

“बिगरहॉर्नची गाडी पेठेतनं न्यायची?”

“नेणार! माझ्या पेशंट छबूबाई आज काठीशिवाय चालणार आहेत. वाट बघत असतील.”

रेडिएटर पुरता निवल्यावर त्यात पाणी भरलं. त्यानं दोरी गुंडाळून पिकअपमध्ये टाकली. जरा घुटमळला. “मग… मी म्होरं ऱ्हातो. तुमचा हॉर्न मी वाजवतो.”

आणि खरंच वाजवला! वळण आलं की पोंऽऽ, शेळी दिसली की पोंऽऽ, मोकळ्या रस्त्यावरसुद्धा उगाचच पोंऽऽ. काटा मध्यावर शांत होता आणि मी एकटीच वेड्यासारखी हसत होते.

पुढच्या मंगळवारी पिकअप त्याच लिंबाखाली उभी. शनिवारीही.

“नवा रिले भेटला का?” तो विचारायचा.

“दुकान बंद होतं…”

“बरं झालं… म्हंजी, वाईट झालं!” असं म्हणून तो पिकअपच्या टायरकडे बघत बसायचा.

खरं सांगू? रिले मी दुसऱ्याच दिवशी आणला होता. पर्समध्ये पडून होता. मला तो माणूस आवडला होता, सरळ सांगायचं तर फारच आवडला होता.

महिन्याभरानं गाडी तापल्याचं आप्पांच्या कानावर गेलं, तेव्हा ते म्हणाले, “आज मी बसतो शेजारी. काटा चढला की गाडी भंगारात.”

कानिफनाथची पिकअप नेहमीसारखी पुढं, आणि मिरजगावच्या पेठेत नेमकी कोंडी झाली. काटा वर… आणखी वर… तेवढ्यात घुर्रर्र! पंखा लागला आणि काटा खाली आला. आप्पांची मिशी हलली. “पास!”

इतक्यात बोळातून एक ट्रॅक्टर मागं मागं आला.

“हॉर्न मार, अगं!”

मी दाबला. शांतता. आणि पुढच्या पिकअपमधून लांबलचक पोंऽऽऽ. ट्रॅक्टर थांबला.

आप्पांनी पिकअपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हॉर्नचा रिले पंख्याला लावलास. हुशार आहेस. नवा का नाही आणला?”

“आणलाय. पर्समध्ये आहे.”

“मग बसवला का नाही?”

मी समोरच्या पिकअपकडे बोट केलं. “कारण मला हॉर्न आहे, आप्पा. तो काय, पुढं चाललाय. मला त्याच्याशीच लग्न करायचंय. त्याला अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे.”

आप्पांनी सीटबेल्ट सोडला. मग म्हणाले, “गाडी बाजूला घे. पर्स दे.”

त्यांनी बॉनेट उघडून रिले बसवला. तोवर कानिफनाथ धावत आला. “काय झालं? तापली का?” मग त्यानं ती नवी डबी पाहिली आणि त्याचा चेहराच पडला. “हॉर्न झाला व्हय… मग आता माजं काय काम?”

मी हॉर्न दाबला. महिन्याभरानं पहिल्यांदा, अख्ख्या पेठेनं वळून बघावं असा.

“आता पुढं जायचं नाही,” मी म्हटलं, “शेजारी बसायचं. कायमचं. येतोस?”

तो खिडकीशी वाकला. डोळे भरले होते बिचाऱ्याचे. “आन्… पिकअप?”

“चावी आण इकडं,” आप्पा म्हणाले.

आप्पांनी पिकअप पुढं काढली. कानिफनाथ माझ्या शेजारी बसला, सीटच्या अगदी कडेला, अंग चोरून.

“हीटर न्हाई ना लावनार?” त्यानं हळूच विचारलं.

“आणि लावला तर?”

“लाव की. मी काय उतरत न्हाई आता.”