कधीही न दुखणारं डोकं

"ताई, तुझं डोकं आयुष्यात कधी दुखलंय का गं?"

धाकटीने हे विचारलं तेव्हा थोरली शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवत होती, आणि नेमकी त्याच क्षणी सुईच्या टोकाशी ती लकाकी उमटली... आधी मोहरीएवढी, मग हळूहळू रुंदावणारी, करवतीसारख्या दातेरी कडांची. थोरलीने डोळे मिटून उघडले. लकाकी हलली नाही. आता अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं... मग उजव्या भुवईमागून ते दुखणं वर येणार होतं.

"डोकं असलं तर दुखेल ना," ती हसून म्हणाली.

धाकटीलाही हसू आलं. इस्पितळात ती अर्धशिशीच्या रुग्णांच्या मेंदूची चित्रं काढून त्यांच्या वेदनेचा माग घेत होती. रुग्ण हवे तेवढे मिळाले होते. गाडं अडलं होतं ते ज्यांचं डोकं कधीच दुखत नाही अशा माणसांपाशी. तुलनेसाठी ठरलेली शेवटची बाई सकाळीच तापाने आडवी झाली होती, आणि उद्यापासून चित्रं काढायचं यंत्र दुसऱ्या विभागाकडे जाणार होतं.

"तासाभराचं काम आहे. चल ना, ताई. तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

या वाक्यापुढे थोरलीचं आजवर कधी काही चाललं नव्हतं. तिने कापड बाजूला सारलं आणि चपला पायात सरकवल्या.

इस्पितळ दोन गल्ल्या पलीकडे होतं. रस्त्यावरचं ऊन काचेच्या चुऱ्यासारखं डोळ्यांत शिरत होतं, धाकटी उत्साहाने बोलत होती, आणि थोरली तिच्या दंडाला धरून चालताना आईची खोली आठवत होती. आईलाही हेच होतं. दिवसचे दिवस ती अंधार करून पडून राही, आणि चार वर्षांची धाकटी बंद दाराबाहेर बसून विचारी, "ताई, आई मेली का?" पुढे आई खरोखरच गेली, वडील तर आधीच गेले होते, आणि सतरा वर्षांच्या थोरलीच्या कपाळात पहिल्यांदा ती कळ उठली, त्याच दिवशी तिने मनाशी ठरवून टाकलं, की ही पोर पुन्हा कधी बंद दाराबाहेर बसणार नाही. उलटी आली की ती नळ मोठा सोडी. दिवसा तिने कधी अंथरुणाला पाठ टेकली नाही. कॉलेजात गेल्यावर धाकटीलाही अर्धशिशी जडली, तेव्हा स्वतःचं डोकं फुटत असताना ती हिचं डोकं चेपत बसली होती, आणि धाकटी वैतागून म्हणाली होती, "तुला काय कळणार, ताई? तुझं डोकं दगडाचं आहे." ते शब्द थोरलीने निमूटपणे गिळले होते... खरं तर मनातून ती सुखावलीच होती. गुपित शाबूत होतं!

तंत्रज्ञाने तिच्या गळ्याजवळच्या दोन टाचण्या काढून घेतल्या. कानांत बोळे बसले, दंडावर तापणारी पट्टी बांधली गेली. एका हाताखाली बटणं आली. पट्टी चटका देईल तेव्हा किती दुखलं ते शून्यापासून दहापर्यंत सांगायचं होतं. दुसऱ्या हातात धाकटीने रबरी फुगा ठेवला.

"सोसेना तर हा दाब. मी काचेपलीकडेच आहे."

तिला निजवलेली फळी यंत्राच्या नळीत सरकली. यंत्र ठोके देऊ लागलं आणि भुवईमागची ती ओळखीची कळ उठली. ठोका पडला की कळ, कळ उठली की ठोका... दंडावर चटका बसला. थोरलीने दोन दाबला. पुढच्या वेळी तीन. तिला वेदनेची भीती नव्हती. तिच्याशी तिचा एवढ्या वर्षांचा घरोबा होता. पण त्या अरुंद नळीत तिला एकाएकी भलतीच भीती वाटली. आपलं हे डोकं आता निरोगी म्हणून नोंदलं जाणार. धाकट्या चिऊने सहा वर्षं जिवाचं रान करून जमवलेल्या खऱ्यात हे एक खोटं मिसळणार, आणि उद्या बंद दारांआडच्या कुणा आयांचं दुखणं त्या खोट्यावरून मोजलं जाणार. घरात जे प्रेमापोटी झाकलं, ते इथे विष होऊन बसणार होतं.

तिने फुगा दाबला. फळी बाहेर सरकली.

"घाबरलीस का?" धाकटी धावत आली.

"चिऊ, माझं नाव काढून टाक. मी खोटं बोलले... माझं डोकं दुखतं. आत्तासुद्धा दुखतंय."

धाकटीचा चेहरा कठोर झाला.

"कधीपासून?"

"तू चौथीत होतीस."

"महिन्यातून किती दिवस?"

"आठ. कधी दहा."

"आणि मी तुला दगड म्हणाले... तू ऐकून घेतलंस. मी याच दुखण्याची डॉक्टर, ताई! एकदा तरी सांगायचंस."

"तुला त्या दाराची भीती वाटायची," थोरली म्हणाली. शब्दागणिक तिच्या डोळ्यांपुढे काळोखी येत होती. "पडद्यावर... दिसलं का तुला?"

"एका चित्रावरून कुणाचं दुखणं ठरत नसतं. माणसाने सांगावं लागतं."

थोरलीने मान खाली घातली. "तुझं काम अडलं माझ्यामुळे."

"अडू दे."

धाकटीने दिवे मालवले, तंत्रज्ञाला खुणेनेच बाहेर पाठवलं आणि बहिणीला कोपऱ्यातल्या खाटेवर आडवं केलं. डोकं दुखतंय म्हणून भर दुपारी थोरली पहिल्यांदाच कुणाच्या देखत आडवी होत होती. तिने दोनदा उठायचा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा धाकटीने तिचे खांदे हलकेच खाली टेकवले. मग तिने दोन्ही अंगठे बरोबर उजव्या भुवईवर ठेवले. जागा विचारावी लागली नाही.

बऱ्याच वेळाने थोरलीच्या गालावर गरम थेंब पडला, मग दुसरा. तिने मिटल्या डोळ्यांनीच हात वर करून धाकटीचा चेहरा चाचपला. तो थरथरत होता, ओला होता. पण धाकटीने ओठ दाताखाली घट्ट धरले होते. ताईचं डोकं दुखत होतं, आणि अशा वेळी आवाज सोसवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.