डाव्या हाताची डबी

बटणांच्या बरणीवर दोघांचाही डोळा होता. आपला क्रोशाचा रुमाल बरणीशेजारी ठेवायला तिने डावा हात पुढे केला, त्याच क्षणी समोरून एक उजवा हात लाकडी पळी घेऊन आला, आणि बोटांवर बोटं आपटली. लागलं का, असं त्याने विचारलं. चांगलंच लागलं होतं. पण ती छे छे म्हणाली आणि हात पाठीमागे लपवून बोटं चोळत राहिली.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याला ही अदलाबदल भरायची. हाताने केलेली एक वस्तू आणायची, दुसऱ्याच्या हातची एक न्यायची. पैशाचं नाव काढायचं नाही. आणि तोंडाने मागायचंही नाही, हा तिथला खरा कायदा. जे आवडलं त्याच्या शेजारी आपली वस्तू ठेवायची आणि गप्प राहायचं, त्याला सगळे 'शेजार धरणं' म्हणायचे. समोरच्याने तुमची वस्तू उचलली की झाली अदलाबदल. नको असेल तर ती त्याने वीतभर बाजूला सरकवायची. सरकवली म्हणजे नाही. त्यावर 'का' विचारणं तिथे फार वाईट दिसायचं.

बरणीवाल्या काकूंनी रुमालही सरकवला आणि पळीही सरकवली. दोन्ही नाकारलेल्या वस्तू टेबलाच्या कडेला एकमेकींना खेटून पडल्या. हा सगळा पसारा चालवणाऱ्या ग्रंथपालबाई तिकडून म्हणाल्या, की आता तुम्हीच एकमेकांचं उचला, कारण आणलेली वस्तू परत घरी न्यायची नाही, उरेल ते वाचनालयाचं.

"घ्या," तो म्हणाला. "पण सांगून ठेवतो, पळी उजव्या हाताची आहे. उतार एकाच बाजूला दिलाय. तुम्ही वाढायला गेलात तर पाहुण्यांच्या मांडीवर."

"तुम्हाला काय माहीत मी डावरी आहे ते?"

"समोरासमोर उभं राहिलं की तुमचा डावा आणि माझा उजवा एकाच बाजूला येतात... आपटायचेच." त्याने तिचा रुमाल घडी न मोडता खिशात ठेवला. "पुढच्या वेळी डावी पळी आणतो. म्हणजे — तुम्ही येणार असाल तर."

ती एका दंतवैद्याकडे नावं पुकारायचं काम करायची. दिवसभर सुजलेले गाल बघणाऱ्या मुलीला कुणी असं हसून बोललं, की ते रात्रीपर्यंत पुरतं. हिला महिनाभर पुरलं.

तो चौकातला चष्मेवाला. काचा घासायच्या, काड्यांचे स्क्रू पिळायचे, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लाकूड कोरत बसायचं. डावी पळी त्याने खरंच आणली. मग डाव्या हाताची कात्री कुठे मिळते ते शोधून दिलं. मग एकदा बोलता बोलता तिने सांगून टाकलं, की आई गेल्यापासून तिची शिवणाची खोली बंद आहे. तिथे आपलं सामान मांडावं असं फार वाटतं, पण बाबा दाराला हात लावू देत नाहीत.

बाबांचं औषधांचं दुकान होतं. बाटल्या रांगेत, रांगेत अंतर सारखं, नावं समोर, यात त्यांचा जन्म गेला. आई गेली, दुकान विकलं, आणि रांगेत लावायला काही उरलं नाही. तेव्हापासून ते खिडकीशी बसून राहायचे. हाक मारली तर 'ओ' द्यायचे, त्यापुढे नाही. लेकीचा जीव तीळ तीळ तुटायचा.

चष्मेवाला पहिल्यांदा घरी आला तो बाबांचा चष्मा नीट करायला. काडी बसवता बसवता त्याने सहज विचारलं, की घरात शिवणाचं मशीन बंद पडून राहिलं तर गंजतं, हे खरं का? बाबांनी त्या बंद दाराकडे पाहिलं. मग उठले, किल्ली आणली आणि म्हणाले, तेल तरी घालू या.

तेलावरून सुरू झालं ते फळ्यांपर्यंत गेलं. रविवारी तो यायचा, बाहीला भुसा लागलेला, दातांत पेन्सिल. आईचं मशीन जागच्या जागी ठेवलं. खिडकीशी लांब टेबल आलं, पण ते त्याने असं लावलं, की उजेड तिच्या उजवीकडून पडावा, म्हणजे टाक्यावर तिच्याच हाताची सावली येणार नाही. हे आजवर तिच्यासाठी कुणीच केलं नव्हतं. शाळेत तर बाईंनी तिच्या डाव्या हातावर पट्टी मारली होती. भिंतीवर भोकाभोकांची फळी, तिच्यावर लोकरीच्या लडी, खाली बटणांचे डबे, आणि मधे अदलाबदलीत मिळालेल्या वस्तू: एक मातीची वाटी, एक वेताची टोपली, ती उजवी पळी. बाबा आधी दारातून बघायचे. मग एके दिवशी आत येऊन बटणं रंगावार लावायला बसले, आणि तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

"सगळ्या जगाला जे डाव्या हातचा मळ, ते मला उजव्या हाताने करता येत नाही," ती एकदा म्हणाली.

"करू नकोस," शिडीवरून तो म्हणाला. "जग फिरवून घेऊ." आणि तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं, की 'तुम्ही' केव्हाच गळून पडलंय. मग उगीचच बराच वेळ दोघांनी खिळे शोधले.

पण सुख असं सरळ कुठे येतं? दूरच्या शहरात त्याच्या मामाचं चष्म्यांचं मोठं दुकान होतं. मामा थकला होता, महिनाअखेर ये नाहीतर मी दुसऱ्याला देतो म्हणत होता. त्याने हे शिडीवरच सांगितलं, तिच्याकडे न बघता.

"पुढच्या अदलाबदलीत तू शाल आणणार ना? तिच्याशेजारी मी एक वस्तू ठेवीन," तो म्हणाला. "उचललीस तर... मामाला नाही म्हणून कळवतो. सरकवलीस तरी चालेल. तोंडाने काही सांगू नकोस. मला बोलता येत नाही, आणि ऐकून तर मुळीच घेता येणार नाही."

ती हो म्हणाली. त्याच्यासाठी ती सरकवणार होती थोडीच! शालीचा शेवटचा काठ विणताना तिला हसू आवरत नव्हतं. बाबांनी विचारलं, काय ग एवढं? ती म्हणाली, काही नाही, टाका चुकला.

त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. वाटेत शाल वाचनालयाच्या टेबलावर ठेवून ती कामावर गेली, आणि धापा टाकत परत वाचनालयाचा जिना चढली. शालीशेजारी एक वस्तू होती. कापडाची, लालसर, एका बाजूला फुगलेली, टाके वेडेवाकडे. टाचण्या टोचायची गादी. आणि तिच्यामागे, हात मागे बांधून, नवा शर्ट घालून बाबा उभे होते.

"आईच्या साडीचा तुकडा होता," ते म्हणाले. "म्हटलं, आपणही एकदा शेजार धरावा."

दुकान विकल्यापासून बाबा पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते. तिला रडू कोसळलं. तिने गादी उचलली, शाल उलगडून बाबांच्या खांद्यांवर टाकली, आणि आजूबाजूच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिने डोळे पुसून पाहिलं. पलीकडे, कुंभारकाम करणाऱ्या ताईंच्या कपांशेजारी, एक लाकडी डबी होती. काम त्याचंच, ते कोपरे तिने हजारांत ओळखले असते. पण डबी कपांशेजारी होती, म्हणजे कपांसाठी होती. त्याने तिच्या शालीचा शेजार धरलाच नव्हता. जायचं ठरलंय, ते सांगायची ही रीत असेल, असं तिला वाटलं. इथे 'का' विचारायचं नसतं. तिने विचारलं नाही.

तो दाराशी उभा होता. खाली पाणी प्यायला गेला होता म्हणे. चेहरा पांढराफटक. जवळ येऊन त्याने आधी बाबांना नमस्कार केला, मग तिच्याकडे बघितलं.

"शाल बाबांना शोभते," तो म्हणाला. "योग्य तेच उचललंस."

"तूही योग्य तेच केलंस," ती म्हणाली.

तो जिन्याने खाली उतरला. आठवडा संपायच्या आत चौकातल्या दुकानाला कुलूप लागलं.

त्यानंतर घर बदललं. बाबा बदलले, असं म्हणायला हवं. सकाळी उठून त्या खोलीत शिरायचे, गाद्या करायचे, पिशव्या करायचे, दर महिन्याला नवा शर्ट घालून अदलाबदलीला जायचे. दोन काकूंशी त्यांचं टाक्यांवरून भांडणही झालं. ती त्यांच्या शेजारी बसून विणायची. उजेड उजवीकडून पडायचा, हातावर सावली यायची नाही, आणि तेवढ्यानेच तिला भरून यायचं. बाबांना वाटायचं, आईची आठवण येते.

त्या दिवशी डबी कुणीच उचलली नव्हती. वाचनालयाच्या नियमाने ती ग्रंथपालबाईंच्या टेबलावर आली. तिथे ती पडून असायची, आणि पुस्तक बदलताना ही तिकडे बघायचं टाळायची.

वर्ष उलटून गेल्यावर एकदा ग्रंथपालबाई वैतागून म्हणाल्या, "दिसायला देखणी, पण मेली उलटी उघडते. पेन्सिली ठेवीन म्हटलं, तर आत खाचाच खाचा. नेतेस का तू?"

तिने डबी हातात घेतली. झाकणाची पट्टी डाव्या अंगठ्याखाली आपोआप आली आणि अलगद सरकली. आत क्रोशाच्या सुयांसाठी खाचा होत्या, जाड सुईपासून बारीक सुईपर्यंत, उजवीकडून डावीकडे लावलेल्या. कपांचा इथे काय संबंध? सबंध जगात ही डबी एकाच हातासाठी झाली होती, आणि त्याच हातात धरून तिने ती घरी आणली.

घरी बाबा नव्हते, फिरायला गेले होते. खोलीत बसून तिने त्याचा नंबर लावला. उचलला जाईल असं तिला वाटलं नव्हतं. पण लगेच उचलला गेला.

"डबी डाव्या हाताने उघडते," ती म्हणाली. ना नाव, ना गाव.

पलीकडून त्याने तिचा आवाज ओळखला. मग तो म्हणाला, "तुम्ही... आज उघडलीत?"

ते 'तुम्ही' तिला बोचलं. "मला कसं कळणार? तू ती कपांशेजारी ठेवली होतीस."

"मी शालीला टेकवून ठेवली होती. पाणी पिऊन वर आलो तर पलीकडे सरकवलेली. मला वाटलं — तूच."

"मी हातसुद्धा लावला नाही रे तिला."

तेवढ्यात बाबा आत आले. त्यांचा आवाज दुकानदारी, रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाईकाला ऐकू जाईल असा. टेबलावर डबी बघून ते खूश झाले.

"अरे, ही ती! माझ्या पहिल्या गादीच्या वेळची. तुझ्या शालीला अगदी चिकटून ठेवली होती कुणीतरी. मग मी तिला जरा पलीकडे केलं. मधे अंतर नको? आणि मला माझी गादी ठेवायला जागा नको?" ते हसले. "कुणाची ग होती?"

ती फोन कानाला धरून दाराबाहेर गेली. पलीकडे त्याने सगळं ऐकलं होतं.

"बाबांना सांगू नकोस," तो अगदी हळू म्हणाला. "कधीच. त्यांना सहन होणार नाही."

"नाही सांगणार." मग जे विचारायचं नसतं ते तिने विचारलं. "उशीर झाला का?"

"पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. चांगली आहे ग ती... तिचा काही दोष नाही." तो थांबला. "उचलली असतीस?"

"दोन्ही हातांनी," ती म्हणाली.

तो हसला की रडला ते तिला कळलं नाही. सांभाळ, म्हणाला, आणि फोन ठेवला.

ती आत आली तशी, कोण होतं, असं बाबांनी विचारलं. ती म्हणाली, चष्मेवाले, तुमच्या काडीची चौकशी करत होते. भला मुलगा, बाबा म्हणाले. याच खोलीत त्याने आपल्याला माणसांत आणलं, नाहीतर आपण खिडकीशीच संपलो असतो. मग त्यांनी डबी उचलली, उजव्या हाताने झाकणाशी खटपट केली आणि कपाळाला आठी घातली.

"उलटी आहे ग ही."

"द्या इकडे." तिने ती डाव्या अंगठ्याने उघडली. आपल्या सुया एकेक करून खाचांत ठेवल्या. प्रत्येक सुई बरोबर बसली. त्याने कधी मापं घेतली होती, ते आता विचारायची सोय नव्हती.

बाबांनी डबी तिच्या हातून घेऊन टेबलावर ठेवली. मग बटणांचा डबा, गादी आणि डबी यांच्यात सारखं अंतर पडावं म्हणून, सवयीने, ती बोटाने वीतभर सरकवली आणि चहा टाकायला गेले.

ते आत जाईपर्यंत ती थांबली. मग तिने हात लांब केला आणि डबी पुन्हा जवळ ओढली.